फक्त मॉनिटरला

मी हात थांबवला आणि बेस थांबला नाही. काटेचमच्यांची ट्रॉली घेऊन एक वेटर समोरून येत होता. त्याला वाट द्यावी म्हणून मी दोन टेबलांच्या मध्ये सरकलो, बेस गिटारची मान खुर्चीला आपटू नये म्हणून डाव्या हाताने ती वर धरली, उजवा हात आपोआप सुटला. आणि हॉलमध्ये बेस वाजतच राहिला. माझाच सूर, माझ्याच ठिकाणी, माझ्याशिवाय. आधी वाटलं, घुमारा असेल. रिकाम्या हॉलमध्ये खालचे सूर लवकर मरत नाहीत, भिंतींना धरून रेंगाळतात, हे मी नवख्या वादकांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. पण घुमारा टिकून टिकून किती टिकेल, एखादा ठोका. हा तर कडवं ओलांडून ध्रुवपदावर आला, तिथल्या वळणावर त्याने एक हलकी घसरण घेतली, जाड तारेवर जाऊन बसला आणि पुढे चालू लागला. "झालं सर, या," म्हणून वेटर निघून गेला. मी तिथेच उभा, हात तारांपासून वीतभर लांब धरून. कुणीतरी चोरी करताना पकडलं गेलं होतं, पण ते मी की दुसरं कोणी, ते कळत नव्हतं.

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. कुठल्याशा कंपनीचा वार्षिक मेळावा होता आणि दुपारच्या जेवणासोबत आमची गाणी. स्टेजवर साउंड चेक चालला होता. मास्तर की-बोर्डवर, त्याच्या कोपराशी लॅपटॉप. मागे ड्रमवाला, ज्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण त्याने दातांच्या डॉक्टरीचं शिक्षण दुसऱ्या वर्षीच सोडलं. पुढे गाणारी, मास्तरची धाकटी मेहुणी. आणि बेसवाला मी. मला सगळे काका म्हणतात. मास्तर माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे, तोसुद्धा काकाच म्हणतो. बेसवाल्याने साउंड चेकच्या वेळी एकदा तरी हॉलमध्ये उतरून स्वतःला ऐकावं, हा माझा पहिला नियम. खालचा सूर वादकाच्या पायाशी तयारच होत नाही, त्याला पसरायला जागा लागते; स्टेजवर ऐकू येतं ते आपल्या मनाचं समाधान. हे मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की मला बघून काही जण मुद्दाम खाली उतरतात. आणि मी स्वतः गेली दोन वर्षं उतरलो नव्हतो. गुडघा दुखतो, स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नसतो, वायर पुरत नाही. आज सकाळी नेमकी ती वायर खरखरायला लागली. जवळ नेहमी दोन वायरी ठेवाव्यात हाही माझाच नियम, आणि दुसरी घरी दाराशी राहिली होती. डॉक्टरने त्याच्या पेटीतून वायरलेसची जुनी डबी काढून माझ्या पट्ट्याला लावली आणि म्हणाला, "घ्या काका, आता कुठंही फिरा." म्हणून फिरायला निघालो होतो.

हॉलच्या मागच्या टोकाला मिक्सरचं टेबल होतं. नेहमीचा साउंडवाला बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेला होता, त्याच्या जागी तिशीची एक मुलगी आली होती. केस घट्ट बांधलेले, कमरेला चिकटपट्टीचं भेंडोळं, तोंडात पेन. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा काही विचारायचं असं ठरवलं नव्हतं. मिक्सरच्या फेडरांखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्यांखाली, एक लांब पांढरी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर कोणता फेडर कुणाचा ते लिहिलेलं असतं. सातवर लिहिलं होतं, काका. पंधरावर लिहिलं होतं, बेस. पंधरा चांगला वर चढवलेला होता. सात तळाशी.

"ताई, हे दोन कशाला?" मी विचारलं.

"कुठले?"

"सात आणि पंधरा."

"सात म्हणजे तुमची लाइन. ती फक्त तुमच्या मॉनिटरला द्यायची, स्टेजवर तुमच्या पायाशी असतो त्या स्पीकरला, तुम्हाला ऐकू यावं म्हणून." ती एक बटण फिरवत बोलत होती. "पंधरावर लॅपटॉपच्या ट्रॅकमधला, रेकॉर्ड केलेला बेस येतो. तो हॉलला." मग तिने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिने तोंडातलं पेन काढलं. "तुम्हाला माहीत आहे ना, काका?"

"म्हणजे काय," मी म्हणालो. "मला माहीत नसेल का!"

तिला ते पटलं नसावं, कारण तिने स्वतःची बाजू सांभाळायला एक कागद पुढे केला. आमच्या साउंडवाल्याच्या मुंगीएवढ्या अक्षरातला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. घड्या इतक्यांदा उघडलेल्या की तिथे कागद कापडासारखा मऊ झाला होता. गाणारीला कोणता माइक लागतो, मास्तरला मॉनिटरमध्ये स्वतःपेक्षा मेहुणी जास्त हवी असते, अशा बारीकसारीक गोष्टी. मधेच एक ओळ: 'सात – काका. हॉलला नको, फक्त मॉनिटरला. त्यांनी विचारलं तर सांगावं, बेस छान लागलाय.' वर कोपऱ्यात तारीख होती. मी बोटांवर महिने मोजले. चौदा भरले. "छान जपलाय कागद," असं काहीतरी मी म्हणालो.

ट्रॅक अजून चालूच होता. स्टेजवर तिघं आपापलं वाजवत होती, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. व्हायोलिनं आणि बासऱ्या लॅपटॉपमधून येतात हे मला माहीत होतं. मीच त्यावरून मास्तरची चेष्टा करायचो, तुझ्या व्हायोलिनवाल्यांना चहा तरी विचार, म्हणायचो. बाकीचे हसायचे. आता वाटलं, जरा जास्तच हसायचे. मी भिंतीला टेकून ऐकू लागलो. वाजवणारा कोण हे ओळखायला मला दोन ओळीसुद्धा लागल्या नाहीत. ध्रुवपदाच्या वळणावरची ती घसरण एकच माणूस घेतो, आणि ती काही त्याची हुशारी नाही. फार पूर्वी माझ्याकडे एक गिटार होती, तिचा एक पडदा वर आला होता. त्याला चुकवायला मी तिथून बोट घसरवत न्यायचो. ती गिटार गेली, खोड राहिली. म्हणजे हा मीच होतो. सहा वर्षांपूर्वी मास्तरच्या घरी वरच्या खोलीत, खिडकीला गादी टेकवून, पंखा बंद करून, तीन दिवस घाम गाळत आम्ही चाळीस गाण्यांचे बेस रेकॉर्ड केले होते. "सरावाला होतील रे," मास्तर म्हणाला होता, आणि तेव्हा तो खरंच बोलत होता, अजूनही माझा तसाच विश्वास आहे. त्याची आई जिन्यातून ओरडायची, "झालं का रे तुमचं गुरगुरणं?" तिला बेस कधी वाद्य वाटलाच नाही. तरी तिसऱ्या दिवशी ती वर येऊन गादीच्या कडेवर बसली, एक अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "पोटात वाजतंय रे हे." ती आता नाही. दुसरा कुणी माझ्या जागी आणला असता तर मी भांडलो असतो, चार शिव्या हासडल्या असत्या, पेटी उचलून चालता झालो असतो. पण माझ्या जागी मलाच बसवलं होतं, सेहेचाळीस वर्षांचा, दहाही बोटं जागी असलेला. त्याच्याशी भांडायचं कसं, ते मला सुचेना.

आणि हे चौदा महिने! चौदा महिने मी किती खुशीत होतो, ते आठवून कानशिलं तापली. स्टेजवरचा माझा आवाज कमी ठेवा असं सगळे सांगायचे आणि मी शहाण्यासारखा ठेवायचो, कारण स्टेजवर बेस कमी ठेवावा हे मीच शिकवतो. ॲम्पखाली फोमचा तुकडा ठेवायला लागलो, म्हणजे स्टेजच्या फळ्या गुरगुरत नाहीत. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर ओढला, कारण कोपऱ्यात सूर फुगतो. तारा बदलल्या. मधले सूर चिमूटभर कापले. आणि लोक येऊन सांगायला लागले, काका, आज बेस काय गोल लागला होता! मी त्या फोमच्या तुकड्याला श्रेय दिलं. दोन होतकरू बेसवाल्यांना तसाच फोम कापून दिला. एकाला तर फोनवर पाऊण तास समजावून सांगितलं की बेसवाल्याचं मोठेपण तो ऐकू न येण्यात आहे, त्याने बंद केल्यावर मात्र घर पडल्यासारखं वाटलं पाहिजे. मी बंद केलं तर काहीही पडणार नव्हतं, वेटरने ट्रॉली ढकलत नेली असती. फोनवरचा तो मुलगा सगळं वहीत लिहून घेत होता, त्याच्या पेनाचा आवाज मला येत होता.

बोटांचं खरं म्हणजे मी बँडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मानेतली कुठलीशी नस दबली आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपल्याच तंद्रीत राहायला लागली. दुखत नाहीत. दुखली असती तर बरं झालं असतं, आहेत हे तरी कळलं असतं. तार दाबतो तेव्हा बोट तिथे पोचलं की नाही हे मला आवाजावरून कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. केसाएवढा उशीर. बटणं लावायला वेळ लागतो म्हणून मी शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागलो, तर डॉक्टर म्हणाला, "काका, आजकाल तरुण दिसता!" मी म्हटलं, दिसणारच. एका शाळेच्या समारंभात मधल्या एका गाण्यात मी पार वाहवत गेलो, कुठल्या ओळीवर आहोत तेच कळेना. गाणारीने गाता गाता मागे वळून पाहिलं, मी डोळा मारला, नंतर तारेवर खापर फोडलं. सगळे हसले. त्यानंतर मास्तर माझ्याशी उगीचच गोड वागायला लागला. गाडीत पुढची सीट मला द्यायचा, ॲम्प स्वतः उचलायचा. मला वाटलं, वयाबरोबर माणूस मवाळ होतो. त्यांना ताकास तूर लागू दिली नाही, या आनंदात मी होतो. आणि तीही सगळी, मेहुणीसकट, तोंडातून अवाक्षर न काढता तीच कसरत माझ्यासाठी करत होती. कोण कुणाला फसवत होतं याचा हिशेब लावायला गेलो तर डोकं भणभणायला लागलं.

मेळाव्याला अजून तासभर होता. हॉलच्या मागे टेबलांवरच्या चादरींचे गठ्ठे ठेवलेला एक बोळ होता, तिथे एका गठ्ठ्यावर बसून मी घरी फोन लावला. का लावला कुणास ठाऊक. बायको दुपारच्या आत फोन आला की आधी घाबरते.

"काय झालं?"

"काही नाही. वायर विसरलो होतो दुसरी."

"दाराशीच दिसली मला. मग?"

"मग काही नाही. माझा आवाज बंद ठेवतात हॉलमध्ये. गेले चौदा महिने. रेकॉर्डिंग लावतात."

पलीकडे भांड्याचा आवाज चालू होता तो थांबला. मला वाटलं ती म्हणेल, काहीतरीच काय, किंवा, कोण म्हणतो? ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

चादरींना इस्त्रीचा वास येत होता. तो मी बराच वेळ घेत राहिलो.

"अहो, ऐकताय ना?" ती म्हणाली. "मास्तर आले होते घरी. तुम्ही फिजिओकडे गेला होता. रडले हो ते, माझ्यासमोर. म्हणाले, वहिनी, काय करू सांगा, मला त्याला सांगता येत नाही. मी म्हटलं, काहीही करा पण त्यांना घरी बसवू नका. घरी बसले तर ते... म्हणजे मीच म्हटलं. मास्तरांवर चिडू नका. चिडायचं तर माझ्यावर चिडा."

"चिडलो नाही," मी म्हणालो. "वायर उचलून ठेव, पायात येईल कोणाच्या तरी."

चिडलो नव्हतो हे खरं होतं. मला चिडायचं होतं आणि ते येत नव्हतं. गुडघ्यापासून मानेपर्यंत एक कंटाळा भरून आला होता. चौदा महिने पेटी उचलली, पायऱ्या चढलो, सूर लावले, घाम पुसला, आणि या सगळ्यातून एकही सूर कुणाच्या पोटात पोचला नाही. त्या रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी मास्तरच्या आईच्या पोटात पोचला होता तसा. आता माझ्यापुढे एकच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तर त्या हॉलमध्ये मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं: मला अजून वाजवता येतं का? घरी, लहान ॲम्पवर, खोलीत, येतं असं वाटतं. मॉनिटरमध्ये येतं असं वाटतं. पण मॉनिटर हा आरसा आहे, आणि आरशात माणूस आपल्याला हवा तोच चेहरा करून बघतो. मला हॉलमध्ये वाजायचं होतं. एक गाणं, जास्त नको. त्यात जमलं तर मास्तरसमोर उभं राहून म्हणता आलं असतं, काढ तुझा तो पंधरा नंबर. नाही जमलं तर काय, याचा विचार मी करत नव्हतो. म्हणजे करत होतो, पण करत नाही असं स्वतःला बजावत होतो.

मी परत मिक्सरपाशी गेलो. "ताई, एक काम करा माझं. तिसऱ्या गाण्याला सात उघडा आणि पंधरा बंद करा."

तिसरं गाणं तिने यादीत पाहिलं. "हे बेसवरच सुरू होतंय ना? चार आवर्तनं तुम्ही एकटे?"

"म्हणूनच."

"मास्तरांना विचारते."

"विचारलंत तर तो हो म्हणेल. नाही कधीच म्हणणार नाही. तेच तर नको आहे."

"काका, आणि बिघडलं तर?"

"तीनशे माणसं जेवत असतील. कोणाच्या लक्षात यायचंय?"

"मग कशाला करायचं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायचं म्हणजे बोटं दाखवावी लागली असती. मी दाखवली. डावा हात टेबलावर पसरला आणि करंगळी उचलायचा प्रयत्न केला. ती उचलली गेली, पण आधी शेजारचं बोट हललं, मग ती. मुलीने ते पाहिलं, दया वगैरे काही चेहऱ्यावर आणली नाही, याचं मला बरं वाटलं. तिने कागदाच्या कोपऱ्यावर पेनाने लिहिलं, 'तिसरं: सात उघड, पंधरा बंद.' मग म्हणाली, "मी तुमच्याकडे बघत राहीन. नको वाटलं तर खूण करा, लगेच बदलते." एवढं माझ्याशी सरळ गेल्या दोन वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

एक वाजता लोक आले. कोटातली माणसं, गळ्यात नावाच्या पट्ट्या, खुर्च्या ओढल्याचे आवाज, मग काटेचमचे. पहिली दोन गाणी मी वाजवली म्हणजे बोटं हलवली. माहीत नव्हतं तेव्हा हेच मी किती जीव ओतून करायचो. आता प्रत्येक गोष्ट दिसत होती. डॉक्टर पूर्वी ठेका देताना माझ्या उजव्या हाताकडे बघायचा, आमची दोघांची नजर एका ठोक्यावर भेटायची; आता त्याच्या कानात क्लिक होती, ती टकटक ऐकून मास्तर आणि तो दोघं लॅपटॉपबरोबर चालायचे, आणि त्याची नजर समोरच्या झुंबरावर असायची. मला क्लिक नव्हती. ती मीच नाकारली होती, माझ्या पोटात घड्याळ आहे म्हणालो होतो. गाणारी गाता गाता डावीकडे, मास्तरकडे वळायची, उजवीकडे माझ्याकडे कधी नाही. तिलाही अवघड होत असेल. या तिघांनी चौदा महिने माझ्याकडे न बघण्याची केवढी मेहनत घेतली होती! दुसरं गाणं संपलं. टाळ्या पडल्या, जेवणाऱ्यांच्या पडतात तशा, एका हाताने टेबलावर. मी हॉलच्या टोकाला पाहिलं. मिक्सरवरची मुलगी उभी राहिली होती. तिने दोन्ही हात मिक्सरवर ठेवले आणि मान हलवली.

डॉक्टरने काठ्यांनी चार ठोके दिले. मी पहिला सूर लावला आणि स्टेजच्या फळ्यांतून, पायांतून, तो हॉलमध्ये गेला आणि समोरच्या भिंतीवरून परत माझ्या छातीवर आला. चौदा महिन्यांत विसरलो होतो, हे असं असतं. सुखाने माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पहिलं आवर्तन झालं. दुसऱ्यात करंगळीने जायची जागा आली, मी तिला पाठवलं, आवाजावरून कळलं ती पोचली, आणि कळलं की उशिरा पोचली. मी घाई केली. घाईत पुढचा सूर अर्धाच दाबला गेला, भिंतीवरून तो खुरडत परत आला. तिसऱ्या आवर्तनात डॉक्टरचा चेहरा फिरला. झुंबरावरून माझ्याकडे. त्याला कळलं होतं. चौथं संपायला लॅपटॉपमधली व्हायोलिनं आपल्या वेळेला आली, अगदी वेळेवर, आणि मी अर्धा ठोका मागे होतो. डॉक्टरने काय केलं तर कानातली क्लिक काढून खांद्यावर टाकली आणि माझ्या हाताकडे बघत ठेका माझ्यावर आणला. मास्तरचा हातही मंदावला. माणसं माझ्यासाठी थांबली. व्हायोलिनं थांबली नाहीत, ती पुढे निघून गेली. मधे गाणारी माइक धरून उभी, तोंड उघडलेलं, पहिली ओळ कुणाबरोबर उचलावी ते तिला कळत नव्हतं; इकडे आम्ही, तिकडे यंत्र. पुढच्या टेबलावरच्या एकाने घास हातात धरून वर पाहिलं. आणि मास्तरने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं, कोणी काय केलं, मी काय ऐकलं, सगळं. त्याचा उजवा हात की-बोर्डवरून उठला आणि लॅपटॉपकडे गेला. तो व्हायोलिनं बंद करणार होता. बासऱ्या, टाळ्या, जे जे त्या पेटीत होतं ते सगळं बंद करून, तीनशे लोकांसमोर, उघड्यावर, माझ्या बोटांच्या मागून गाणं चालवणार होता. आणि तेवढ्यावरच थांबला नसता. आजच नाही, पुढच्या वेळीही, त्याच्या पुढच्या वेळीही, जोवर मी येत राहिलो असतो तोवर.

स्टेजवरचा प्रत्येक माणूस साउंडवाल्याला आयुष्यभर एकच खूण करतो: स्वतःकडे बोट दाखवतो आणि मग वर. मला वाढव. मी तीस वर्षं तीच केली. आता मी स्वतःकडे बोट दाखवलं आणि मग तळहात खाली केला. मिक्सरवरची मुलगी बघतच होती. माझा सूर हॉलमधून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, भरलेला, ठोक्यावर, माझा. डॉक्टरने घाईघाईने क्लिक कानात घातली. गाणारीला ओळ सापडली. मास्तरचा हात लॅपटॉपवर तसाच अडकला होता, तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्याचं काय होत होतं ते मला बघवेना. मी मान हलवली. चालू दे. मग मी तारांवरून दोन्ही हात काढले. बोटं हलवत राहायचं कारण उरलं नव्हतं. मागे सरकलो आणि माझ्या ॲम्पवर बसलो, गिटार मांडीवर आडवी घेऊन, सगळ्यांसमोर. कोणीही घास खाली ठेवला नाही. गाण्याची अजून दोन कडवी राहिली होती. मी बसून ती ऐकली.